शेवटची नळी

सुनेत्रा खानविलकर भित्री आहे हे बडोद्यात त्यांच्या तरसालीच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं. आता भित्रं माणूस म्हणजे पालीला भिणारं, अंधाराला भिणारं, फार तर कुत्र्याला. हिचं तसं नव्हतं. घरात पाल निघाली की झाडू घेऊन हीच पुढे. हिला भीती वाटायची माणसांची, आणि त्यातही माणसांच्या प्रश्नांची. भाजीवाल्याने "केटलुं आपुं, बेन?" एवढं विचारलं तरी घशाला कोरड पडायची, आणि पाव किलो हवं असताना ही अर्धा किलो घेऊन घरी यायची. शाळेत बाईंनी बळेबळे वक्तृत्व स्पर्धेला उभं केलं, तर "अध्यक्ष महाराज" म्हणून जी थांबली ती थांबलीच. शेवटी बाईंनीच हात धरून खाली उतरवलं. भित्री भागूबाई हे नाव तेव्हा पडलं, ते शाळा सुटेपर्यंत टिकलं.

घराणंच तसं, म्हणायला हरकत नाही. आजोबा बडोदे संस्थानात खानगी खात्यात, म्हणजे राजवाड्याच्या घरच्या कारभारात होते. सरकारांपुढे मान खाली, उत्तर एका शब्दात, आणि परत फिरताना पाठ न दाखवता मागच्या पावलाने बाहेर. संस्थान गेलं, राजवट बदलली, पण मान काही वर आली नाही. वडील लक्ष्मीकांतराव एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क झाले. भर मे महिन्यात साहेब "आज गारठा आहे बुवा" म्हणाले असते, तर यांनी कोटाची बटणं लावून घेतली असती!

आणि घरातलं सरकार म्हणजे आई, आनंदीबाई. नाव आनंदी, पण स्वभाव असा की फोडणी आणि बाई यांतलं आधी काय तडतडेल सांगता येत नसे. हाताला चव होती, यात वाद नाही. फक्त मीठ कमी. लग्न होऊन आल्या तेव्हा सासऱ्यांना रक्तदाब होता, डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलं होतं, म्हणून हात आखडला. सासरे गेले, फोटो भिंतीवर लागला, हात आखडलेलाच राहिला. आनंदीबाईंनी विचारावं, "कसं झालंय?" आणि बाप-लेकीने एका सुरात म्हणावं, "छान!" लोणच्याची बरणी त्या घरात फार लवकर रिकामी व्हायची. पण मीठ कमी आहे असं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

अशा घरातली मुलगी बायोकेमिस्ट्रीला गेली, यात आश्चर्य काही नाही. परीक्षानळी प्रश्न विचारत नाही. सकाळी प्रयोगशाळेत शिरावं, पांढरा कोट चढवावा, बर्फाची बादली घेऊन कोपऱ्यातलं टेबल गाठावं, संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलावं लागत नाही. एम.एस्सी. अशीच चांगल्या मार्कांनी पार पडली, आणि देवेंद्र सरांनी तिला पीएच.डी.ला आपल्या हाताखाली घेतलं. नव्वदचं दशक निम्मं संपत आलेलं. बाजार खुला झाला होता, विभागात परदेशी कंपन्यांचे गुळगुळीत कॅटलॉग येऊन पडू लागले होते, आणि विभागातला एकुलता एक कॉम्प्युटर गार खोलीत ठेवला होता, तिथे चपला बाहेर काढून जावं लागे. देवेंद्र सर नुकतेच परदेश पाहून आलेले, उत्साही, भरभर बोलणारे. तिच्यावर ते कधी ओरडले नाहीत. त्याचीच तिला जास्त धास्ती, कारण ओरडणारा माणूस निदान काय मनात आहे ते सांगून तरी टाकतो.

पण नळ्यांच्या आडोशाला किती दिवस लपणार? विभागात सेमिनार नावाचं प्रकरण होतं. पीएच.डी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने पहिलं काम झालं की सगळ्या विभागापुढे उभं राहून ते मांडायचं. ते पटलं तर नाव पक्कं. नाही पटलं तर सहा महिने थांबा, आणि तोवर सरांनी दुसरं कुणी घेतलं तर बसा हात चोळत.

सेमिनारच्या प्रमुख प्रतिमा मॅडम. एकेक शब्द जपून बोलणाऱ्या, सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा. कसं मांडायचं हे त्या मुलांना आधी वर्षभर शिकवत. कागद वाचायचा नाही. पडद्याकडे तोंड करायचं नाही. प्रोजेक्टरच्या एका फिल्मवर एकच गोष्ट. हात थरथरला तर पेन्सिल काचेवरच ठेवून द्यायची. आणि ठाऊक नसेल तर "माहीत नाही" म्हणायचं आणि थांबायचं, पुढे सारवासारव करायची नाही. सेमिनार चाले इंग्रजीत, पण मॅडमचा शेवटचा प्रश्न ज्याच्या त्याच्या घरच्या भाषेत येई. गुजराती मुलाला गुजरातीत, मराठी मुलीला मराठीत. इंग्रजी समजलं नाही, ही पळवाट त्यांनी अशी बंद केली होती. आवाज एवढा हळू की पंखा बंद करावा लागे. त्या हळू आवाजाने भल्याभल्यांची बोबडी वळलेली सुनेत्राने पाहिली होती.

आणि निकाल? निकाल त्या कधी जाहीर करत नसत. विभागाची रीत अशी की सेमिनार देणाऱ्याने घरून सगळ्यांसाठी खायला आणायचं. तो डबा मागच्या बाकावर झाकण लावून ठेवायचा. प्रश्न संपले की मॅडम म्हणत, "चला, नाश्ता!" म्हणजे पास. डब्यावर उड्या पडत. पण त्या "पुन्हा बोलू या" असं म्हणाल्या, तर कुणी डब्याकडे बघायचंही नाही. भरला डबा तसाच घरी जाई.

गजेंद्रचा गेला होता. तिच्या एक वर्ष पुढचा मुलगा, गडगडून हसणारा. आईने पहाटे उठून केलेले बाजरीचे वडे स्कूटरच्या हँडलला अडकवून तो निघाला, ते सुनेत्राने वरच्या खिडकीतून पाहिलं. सहा महिन्यांनी तो आला नाही. आता म्हणे एका औषध कंपनीची बॅग घेऊन डॉक्टरांच्या दारात बसून असतो. बरा कमावतो, सुखात आहे, असंही लोक सांगत. पण सुनेत्राला आठवायचा तो हँडलला लोंबणारा डबा.

तिचं काम सोपं होतं. मोड आलेले मूग वाटायचे, त्यातलं पिठाची साखर करणारं एन्झाइम काढायचं, आणि नळ्यांच्या रांगेत चढत्या प्रमाणात कॅल्शियम घालून बघायचं की एन्झाइमचं काम वाढतं का. शेवटी एक पिवळं औषध घालून नळ्या उकळत्या पाण्यात धरायच्या. साखर जितकी जास्त, तितका रंग गडद, पिवळ्यापासून थेट विटकरीपर्यंत. देवेंद्र सरांचं म्हणणं होतं की कॅल्शियम वाढेल तसं काम वाढतच जाईल. "सरळ रेघ येणार बघ," ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते.

आणि रेघ सरळ आली. कधी कधी.

इतर वेळी काय व्हायचं, तर रांग छान गडद होत जायची आणि शेवटची नळी एकदम फिकी पडायची. पहिल्यांदा असं झालं तेव्हा सुनेत्राच्या काळजात धस्स झालं. सर म्हणालेत वाढणार, म्हणजे वाढणारच. तेव्हा चुकलं असणार ते माझंच. पिपेटने कमी ओढलं असेल, हात थरथरला असेल, औषध जुनं असेल. इकडे तिकडे बघून तिने ती अख्खी रांग बेसिनमध्ये ओतली, नळ सोडला, आणि पुन्हा मांडामांड केली. पुन्हा फिकी आली की पुन्हा ओतली. सरळ आली की हुश्श करून वहीत उतरवली. यात आपण लबाडी करतोय असं तिच्या स्वप्नातही आलं नाही हो! ती बिचारी आपली स्वतःच्या चुका धुऊन टाकत होती. जन्मभर तेच तर केलं होतं.

सरळ आलेल्या तीन रांगा जमल्या, त्यांचा आलेख झाला, आणि देवेंद्र सर खूश झाले. सेमिनारची तारीख लागली, शनिवार सकाळ.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. आईने मात्र लगेच जाहीर केलं, "सुरळीच्या वड्या करते. गुजराती लोक खांडवी खांडवी करतात ना, त्यांना एकदा आपली वडी खाऊ दे." सुनेत्रा "बरं" म्हणाली. वड्यांत मीठ नसणार हे एक, आणि त्या तशाच परत येणार हे दुसरं, अशा दोन काळज्या एकदम मागे लागल्या.

लहरीपुऱ्याच्या बाजारात जाऊन तिने पारदर्शक फिल्मा आणि रंगीत पेनं आणली. बरोबर मैत्रेयी होती, शेजारच्या टेबलावर काम करणारी, एकटीच मैत्रीण. तोंडाने फटकळ, पण मनाची निर्मळ. तिनेच सराव घ्यायचा ठरवला. रिकाम्या वर्गात सुनेत्राने भिंतीकडे बघत सगळं पाठ म्हणून दाखवलं. आलेखाची फिल्म आल्यावर मैत्रेयी बाकावरून पुढे झुकली.

"कमाल आहे तुझी! माझं तीनदा केलं की तीन उत्तरं येतात. तुझे ठिपके बघ, शाळेच्या कवायतीला उभे केल्यासारखे. एकदाही इकडे तिकडे नाही गेलं?"

"गेलं ना. पण ते माझं चुकलेलं होतं."

"कशावरून?"

सुनेत्रा फिल्मकडे बघू लागली. कशावरून? फिकी नळी आली यावरून. पण फिकी नळी चुकीची हे कशावरून? सर म्हणाले होते यावरून. आणि मग एकाएकी तिच्या पायाखालची जमीनच सरकली. बोलायची भीती, उभं राहायची भीती, ततपप होण्याची भीती, या सगळ्या तिच्या ओळखीच्या होत्या, त्यांच्याबरोबर ती लहानाची मोठी झाली होती. ही भीती नवी होती: आपली रेघच खोटी असली तर? मैत्रेयी काहीतरी बोलत राहिली आणि हिला ऐकू येईना.

दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळा उघडताच आली. मूग वाटले, नळ्या मांडल्या, आणि प्रत्येक थेंब देवाचं नाव घेऊन मोजला. शेवटची नळी फिकी. या वेळी तिने ओतली नाही. तशीच स्टँडवर ठेवून समोर बसली आणि तिच्याकडे बघत राहिली. दुपारी नवं औषध करून पुन्हा रांग लावली. पुन्हा फिकी. मैत्रेयीला बोलावून तिच्या हाताने करवून घेतली. तिचीही फिकी.

"अगं, मग हेच खरं असेल," मैत्रेयी म्हणाली. "एका मापापर्यंत वाढतं, पुढे उतरतं. त्यात काय? सरांना सांग."

त्यात काय! बोलणाऱ्याचं काय जातं! सुनेत्रा जीव मुठीत धरून सरांच्या खोलीशी गेली. दार अर्धं उघडं होतं. सर फोनवर कुणाशी तरी हसत बोलत होते. तिला बघून त्यांनी आत यायची खूण केली, रिसीव्हरवर हात ठेवला आणि म्हणाले, "तुझ्याच ग्राफबद्दल चाललंय! हैदराबादच्या परिषदेला पाठवतोय मी. काय होतं?"

"काही नाही, सर. शनिवारी... प्रोजेक्टरचा बल्ब आहे ना, ते विचारायचं होतं."

"आहे, आहे. घाबरू नकोस," सर म्हणाले, आणि परत फोनला लागले.

बाहेर येऊन ती जिन्यात बसली. गप्प राहिलं तर? तर काय, मैत्रेयीशिवाय कुणाला कळणार? आधीच्या फिक्या रांगा बेसिनमध्ये गेलेल्या, त्यांचा पुरावा नाही. सरळ रांगा वहीत आहेत, त्या काही खोट्या नाहीत. तीन वेळा केलं, तीन वेळा आलं. मॅडम "चला, नाश्ता" म्हणतील, नाव पक्कं होईल, सर खूश, आई खूश. आणि सांगितलं तर भरला डबा, सहा महिने, कदाचित कायमचंच घरी. हिशेब इतका सरळ होता की तिला स्वतःचीच किळस आली, आणि तरीही भीती काही कमी होईना.

शनिवारी सकाळी आनंदीबाईंनी ताटांच्या पाठीवर शिजवलेलं पीठ पसरलं, सुरळ्या केल्या, वर मोहरीची फोडणी, खोबरं, कोथिंबीर. मोठा पितळी डबा काठोकाठ भरला. "रिकामा आण गं बाई," त्या म्हणाल्या. लक्ष्मीकांतराव दारापर्यंत आले. काहीतरी म्हणायचं असावं, पण चष्मा पुसून परत आत गेले. बसमध्ये तिने डबा मांडीवर घट्ट धरून ठेवला.

सेमिनारच्या खोलीत पडदे ओढलेले, प्रोजेक्टरची गरगर. पुढच्या रांगेत प्रतिमा मॅडम, पलीकडे देवेंद्र सर पायावर पाय टाकून, मागे सगळी मुलं. सर्वांत मागच्या बाकावर तिचा पितळी डबा. सुनेत्राने बोलायला सुरुवात केली. आवाज फुटला, तिचा तिलाच अनोळखी वाटला, पण फुटला. मूग सांगून झाले, एन्झाइम सांगून झालं, पद्धत सांगून झाली. मग आलेखाची फिल्म ठेवली आणि पेन्सिल हातात घेतली.

आता त्या प्रोजेक्टरची एक खोड असते. काचेवर हात जरासा थरथरला, तर पडद्यावर तो वीतभर थरथरतो. तिच्या पेन्सिलीची काळी सावली त्या सरळ रेघेवरून अशी काही नाचू लागली की मागे कुणीतरी खुदकन हसलं. ती थांबली. मॅडमनी शिकवलेलं आठवून पेन्सिल काचेवर ठेवून दिली. सावली शेवटच्या ठिपक्याशी निमूट पडून राहिली.

"थँक यू," ती म्हणाली. संपलं.

प्रश्न आले, बरेचसे सोपे. तिने कशीबशी उत्तरं दिली. देवेंद्र सर समाधानाने मान हलवत होते. मग मॅडमनी चष्मा काढला आणि कुणीतरी उठून पंखा बंद केला.

"सुनेत्रा," त्या हळूच मराठीत म्हणाल्या, "हे किती वेळा केलंस?"

तीन वेळा. उत्तर पाठ होतं, जिभेवर होतं. तीन वेळा म्हणायचं, खाली बसायचं, वड्या वाटायच्या. तिने समोर बघितलं. शाळेतलं व्यासपीठ आठवलं. तेव्हा निदान बाईंनी हात धरून उतरवलं होतं. इथे कोण उतरवणार?

"माहीत नाही," ती म्हणाली.

"माहीत नाही?"

"मोजलंच नाही, मॅडम. पुष्कळ वेळा केलं. तीन वेळा असं आलं." ती पडद्याकडे बघत नव्हती, सरांकडे तर नाहीच नाही. "बाकी वेळी शेवटची नळी फिकी आली. ती मी ओतून दिली. दर वेळी."

देवेंद्र सरांचा पाय पायावरून खाली आला.

"का ओतलीस?"

"मला वाटलं, माझंच चुकलं. सर म्हणाले होते रेघ सरळ येणार. म्हणजे चूक माझीच असणार ना." आता तिचं बोलणं थांबेना, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती बोलत होती. "या आठवड्यात ओतली नाही. मैत्रेयीनेही करून बघितलं. फिकीच येते. ही रेघ खरी नाही. माझ्या भीतीने काढलीय ती, मॅडम. मला फार भीती वाटते."

या वेळी मागे कुणी हसलं नाही. मॅडमनी आलेखावरून एकदा नजर फिरवली. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळण्यासारखं नव्हतं, कधीच नसे. मग त्यांनी चष्मा चढवला.

"पुन्हा बोलू या," त्या म्हणाल्या.

खुर्च्या सरकल्या, पडदे उघडले. मुलं डब्याकडे न बघता त्याच्या कडेकडेने बाहेर पडली. मैत्रेयीने जाता जाता तिचा दंड दाबला. देवेंद्र सर मात्र शेवटपर्यंत बसून होते. चेहरा लालबुंद झाला होता. बाकी सगळे गेल्यावर ते उठून तिच्यासमोर आले.

"हे मला आधी सांगता आलं नाही?"

"आले होते, सर. बल्बचं विचारायला."

सरांना ते आठवलं असावं. त्यांनी फिल्म काचेवरून उचलली, उजेडाकडे धरली, आणि तिच्या हातात न देता टेबलावर टाकली. "हैदराबादला आता काय कळवू मी?" ते म्हणाले. दारापर्यंत जाऊन ते वळले. "सोमवारी ये. यापुढे एक नळी जरी ओतलीस तर बघ." एवढं बोलून ते गेले. आता हे रागावणं झालं की ठेवून घेणं, ते तिला कळलं नाही, आणि विचारायची तर सोयच नव्हती.

परतीच्या बसमध्ये डबा सकाळपेक्षा जड झाला होता. सर्वांत मोठी परीक्षा अजून घरी बसली होती. आईला काय सांगायचं? वड्या वाटेत कुणाला देऊन टाकाव्यात आणि संपल्या म्हणून सांगावं, असाही विचार एका स्टॉपवर तिच्या मनात आला. मग तिला बेसिन आठवलं, सोडलेला नळ आठवला, आणि तिने डबा आणखी घट्ट धरला.

आनंदीबाईंनी दार उघडलं, हातातला डबा घेतला, आणि वजनावरूनच ओळखलं. "का गं? मला मेलीला वाटलं होतं, तुटून पडतील. नाही आवडल्या त्यांना?"

"उघडलाच नाही, आई. मी नापास झाले."

ती उभ्या उभ्याच सगळं बोलली. नळ्या, सर, बल्ब, मॅडम. आईला एन्झाइम कळलं नाही, पण ओतून टाकणं बरोबर कळलं. "म्हणजे तू खोटं केलंस?" त्यांनी तडकून विचारलं.

"खोटं नाही गं. भिऊन केलं. सर म्हणतील तेच खरं, असं वाटायचं. वेगळं आलं की सांगायची भीती वाटायची."

"भीती, भीती! घरात कुणी तुला कधी एवढं भिववलंय? सांग बरं! या घरात कोण कुणाला भितं?"

लक्ष्मीकांतराव कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून होते. ते उठले. त्यांनी डब्याचं झाकण काढलं, वरची एक वडी उचलली, तोंडात टाकली, आणि सावकाश चावून खाल्ली. सुनेत्राने पाहिलं, त्यांचा हात थरथरत होता, अगदी तिच्या पेन्सिलीसारखा.

"अगं," ते बायकोला म्हणाले, "मीठ कमी आहे."

आनंदीबाईंनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग डब्याकडे. एक वडी उचलून स्वतः खाल्ली. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरला आणि त्या एकदम केविलवाण्या दिसायला लागल्या.

"आजच?" त्यांनी विचारलं.

"नाही," लक्ष्मीकांतराव म्हणाले. "नेहमीच."